छोट्या गाडीला सायकल रॅक कसा निवडाल? खान्देशातल्या नवख्यांसाठी

मेहरूण तलावाच्या फेऱ्या मारून कंटाळा आला की जळगावच्या सायकलवाल्याची नजर डोंगरांकडे वळते. पाल, मनुदेवी, चाळीसगावकडे पाटणादेवी, धुळेकरांना लळिंगचा परिसर, आणि पायात दम आला की तोरणमाळ. चालवायची मजा तिथे आहे. तिथवर जाणारा हायवे मात्र कंटेनर आणि केळीच्या ट्रकांचा. म्हणून सायकल गाडीवर टाकून न्यायची, पायथ्याशी उतरवायची आणि मग चालवायची, हा शहाणपणाचा मार्ग. पण दारात उभी असते अल्टो, वॅगनआर, टियागो नाहीतर स्विफ्ट. इंटरनेटवर दिसणारे रॅक मात्र भल्यामोठ्या गाड्यांना लावलेले असतात.

पहिली गोष्ट पक्की करून घ्या: रॅक सायकल बघून घ्यायचा नसतो, गाडी बघून घ्यायचा असतो. चांगली सायकल बहुतेक रॅकवर बसते. चांगला रॅक प्रत्येक गाडीवर बसत नाही.

रॅक लागतोच का, ते आधी बघा

एकट्याची सायकल असेल आणि गाडीत दोघंच जाणार असाल तर रॅकवर पैसे घालण्याआधी एक रविवारची सकाळ खर्च करा. मागची सीट आडवी पाडा, डिकीतला पार्सल ट्रे काढा, सायकलचं पुढचं चाक काढा आणि सायकल आत सरकवून बघा. क्विक रिलीज, म्हणजे खटका उघडून चाक सोडवायची सोय, असेल तर चाक हातानं निघतं, साध्या सायकलला पाना लागतो. पुढची सीट थोडी पुढे घेतली की बऱ्याच हॅचबॅकमध्ये एक सायकल बसते. नाहीच बसली तर मागचंही चाक काढा, सीटपोस्ट खाली घ्या, हँडल वळवा.

खाली जुनी चादर किंवा फाटकी गोधडी अंथरा. चेनची बाजू वर ठेवा. गियरचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, खाली दबला तर वाकतो आणि मग गियर नीट पडत नाहीत. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर चाक काढल्यावर ब्रेकचं हँडल दाबू नका. हायड्रॉलिक ब्रेकचे पॅड एकमेकांना चिकटले की चाक परत बसवताना घाम फुटतो. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी अडकवून ठेवली की प्रश्न मिटला. फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याची, दोन टोकं वजनानं दबू नयेत म्हणून मध्ये एक तुकडा बसवायचा असतो. साध्या क्विक रिलीजच्या फोर्कमध्ये हे अंतर १०० मिलिमीटर असतं. तेवढा पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून घेतला तरी चालतं, आणि जळगावात पाइपच्या तुकड्याला काय तोटा!

सायकल आत नेण्यात चोरीची भीती नाही, ऊन-पाऊस नाही, दंडाची कटकट नाही. माझ्या मते एकट्या माणसाला हाच सगळ्यात चांगला रॅक. अडचण येते ती घरातले चौघं निघाले, दोन सायकली न्यायच्या असल्या किंवा गाडी सीएनजीची असली की. सीएनजीची टाकी डिकी खाऊन टाकते आणि सीट पाडली तरी सपाट जागा उरत नाही. तेव्हा पुढे वाचा.

टेप घ्या आणि मोजा

इथेच छोट्या गाडीचं सगळं गणित आहे, आणि दुकानदार हे सांगत नाही.

मोठ्या माणसाची सायकल टोकापासून टोकापर्यंत साधारण १७० ते १८५ सेंटिमीटर लांब असते. आता गाडीची रुंदी बघा. अल्टो के१० ची १४९ सेंटिमीटर, क्विडची १५८ च्या आसपास, वॅगनआरची १६२, टियागो आणि आय१० निऑस १६८ च्या जवळ, स्विफ्टची १७३.५. मागच्या रॅकवर सायकल आडवी टांगतात. म्हणजे १७५ सेंटिमीटरची सायकल अल्टोच्या मागे लावली तर दोन्ही बाजूंना तेरा-तेरा सेंटिमीटर चाक बाहेर. वॅगनआरला सहा-साडेसहा. स्विफ्टला जेमतेम बरोबरीत.

हे बाहेर आलेलं चाक दोन कारणांनी महागात पडतं. पहिलं, पारोळ्याच्या किंवा चोपड्याच्या बाजारातून गाडी काढताना आरशात बघून तुम्ही गाडी निघेल असा अंदाज घेता आणि मागचं चाक कुणाच्या तरी मोटारसायकलच्या हँडलला लागतं. दुसरं, कायदा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यात कलम १९४ (१अ) प्रमाणे माल गाडीच्या अंगाबाहेर बाजूला निघाला, किंवा पुढे, मागे, उंचीला मर्यादेपलीकडे गेला तर २०,००० रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च, अशी तरतूद आहे. सायकलसाठी कुणी एवढं ताणेल की नाही ते त्या चौकातल्या साहेबावर. आपण संधीच कशाला द्यायची?

उपाय सोपा आहे. पुढचं चाक काढून ठेवा. चाक निघालं की तीसेक सेंटिमीटर लांबी कमी होते आणि सायकल अल्टोच्याही अंगात बसते. काढलेलं चाक सीटच्या मागे उभं ठेवा. सायकल दोन असतील तर दोन्हींचं चाक काढा. पाच मिनिटं जातात, पण पुढचा सगळा प्रवास निवांत होतो.

गाडीची पाठ ओळखा

आता गाडीच्या मागे उभे राहा आणि डिकीकडे दुकानदाराच्या नजरेनं बघा.

पट्ट्यांच्या रॅकचे हूक डिकीच्या दाराच्या कडेला, पत्र्यात अडकतात. वरची कड पत्र्याची आहे की तिथे प्लास्टिकचा स्पॉइलर आहे, हे पहिलं बघायचं. स्पॉइलरवर हूकचा भार आला तर तो तडकतो. काही रॅकचे वरचे पट्टे स्पॉइलरवरून न जाता बाजूच्या कडेला अडकतात, तसा शोधावा लागेल. काचेच्या कडेला हूक अडकवायचा नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. डिकी आणि बॉडीच्या मधल्या फटीत हूक जातो का आणि हूक लावून डिकी नीट बंद होते का, हेही बघा. तिथलं रबरी बीडिंग दबून राहिलं तर पावसाळ्यात पाणी डिकीत उतरतं.

मागचा वायपर, काचेवरच्या डिफॉगरच्या रेघा, रिव्हर्स कॅमेरा, बंपरमधले सेन्सर, हे सगळं रॅकच्या वाटेत येतं. सेन्सर तर रिव्हर्स टाकला की ओरडतच राहणार, त्याची सवय करून घ्या. सायलेन्सरचं तोंड कुठे आहे ते मात्र विसरू नका. सायकलचं टायर त्याच्या समोर आलं तर गरम धुरानं रबर मऊ पडतं, ट्यूबही जाते.

डिक्की बाहेर आलेली सेडान असेल, डिझायर किंवा अमेझ, तर रॅकचे पाय डिकीच्या सपाट भागावर टेकतात. बसतो तो चांगला, पण आपला विषय हॅचबॅकचा आहे.

रॅकचे प्रकार, आणि माझं मत

पट्ट्यांचा डिकी रॅक: लोखंडी किंवा ॲल्युमिनिअमचा सांगाडा, त्याला फोमचे पाय, आणि डिकीच्या वरच्या, खालच्या व बाजूच्या कडांना अडकणारे पट्टे. वरचे पट्टे वजन पेलतात, खालचे रॅकला गाडीशी दाबून धरतात, बाजूचे तो डुलू देत नाहीत. तिन्ही ठिकाणचे पट्टे असलेलाच घ्या. नुसते वरचे-खालचे असलेला स्वस्त रॅक वळणावर हलतो, आणि तोरणमाळच्या वाटेवर वळणांची काही कमी नाही. रॅक घडी होतो, घरात कपाटामागे राहतो, दुसऱ्या गाडीलाही लागू शकतो. छोट्या गाडीसाठी माझी पहिली पसंती हीच. तीन सायकलींचा म्हणून विकत असतील तरी छोट्या गाडीला दोनच टांगा. तिसरी सायकल गाडीपासून इतकी लांब जाते की सगळा भार वरच्या हुकांवर ओढला जातो.

टपावरचा कॅरिअर: यात सायकल उभी राहते, मागचं सगळं मोकळं. नंबरप्लेट झाकत नाही, डिकी उघडते. पण छोट्या गाडीच्या टपाला मर्यादा असते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावर किती किलो चालतं ते शोधा आणि त्यातून आडव्या दांड्यांचं आणि कॅरिअरचं वजन वजा करा. उरलं तेवढं सायकलीचं. मॅन्युअलमध्ये आकडाच नसेल तर सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय टपाच्या वाटेला जाऊ नका. काही गाड्यांच्या टपावर दिसणारे काळे रेल निव्वळ शोभेचे असतात, त्यांच्यावर भार टाकायचा नसतो. जुन्या मारुती ८०० ला आणि ओम्नीला टपाच्या कडेनं पावसाची पन्हळ असायची, त्यात कॅरिअर मजेत बसायचा. आताच्या गाड्यांना पन्हळ नाही. त्यामुळे दाराच्या चौकटीला पकडणारे, त्या मॉडेलसाठीच बनवलेले पाय लागतात, आणि तिथे खर्च वाढतो.

उंचीचाही विचार करा. वॅगनआर १६७ सेंटिमीटरहून उंच आहे. त्यावर दांडे, ट्रे आणि मीटरभराहून उंच सायकल धरली तर सव्वानऊ फुटांच्या आसपास जातं. घराचा पोर्च, सोसायटीचं पार्किंग, शेताच्या वाटेवरच्या बाभळी, गावातल्या गल्लीत लोंबणारी वायर. टपावर सायकल आहे हे माणूस नेमकं घराच्या फाटकाशी विसरतो. टपाचा रॅक घेतलाच तर स्टिअरिंगसमोर चिठ्ठी चिकटवून ठेवा, लोक हसले तरी चालेल. आणि साधी २० किलोची काळी सायकल वॅगनआरच्या टपावर एकट्यानं चढवणं हे जोर काढायचं काम आहे. अल्टोला ते त्या मानानं सोपं.

टपाच्या ट्रेचे दोन प्रकार मिळतात. एकात पुढचं चाक काढून फोर्क पकडतात, दुसऱ्यात सायकल चाकासकट उभी राहते. फोर्कवाला ट्रे घेताना तुमच्या सायकलचा एक्सल, म्हणजे चाकाच्या मधोमध जाणारा दांडा, कोणता ते बघा. जाड थ्रू-एक्सल असेल तर वेगळा ॲडॅप्टर लागतो. कार्बनची सायकल असेल तर फ्रेमच्या नळीला चिमटा लावणारा रॅक नकोच.

व्हॅक्यूमच्या कपांचा रॅक: आतली हवा काढून पत्र्याला चिकटणाऱ्या रबरी कपांवर उभा राहतो, दिसायला झकास. पण कपाखाली स्वच्छ, गुळगुळीत जागा हवी, आणि आपल्याकडे काळ्या मातीची धूळ झाडून परत फिरेपर्यंत नवा थर बसलेला असतो. पारा ४५ च्या घरात गेला की उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. हिवाळ्यात, जवळच्या अंतराला, दर थांब्यावर कपाची पकड सुटतेय का हे दाखवणारी खूण तपासणार असाल तर ठीक. मे महिन्यात मी तरी याच्या भरवशावर महागडी सायकल सोडणार नाही.

टो-हुकवर, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडायच्या हुकवर, बसणारा रॅक परदेशात सर्रास दिसतो. आपल्या छोट्या गाड्यांना तसा हूक कंपनीकडून येत नाही. बंपरला काहीतरी जोडून देणाऱ्यापासून लांब राहा.

आणि शेवटचा आपला देशी प्रकार, ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला कॅरिअर. कारागिरीबद्दल शंका नाही. पण टपाला भोकं पाडली की गंज आणि गळती ठरलेली, लोखंडाचं वजनच टपाची मर्यादा खाऊन टाकतं, आणि गाडीत परवानगीशिवाय केलेला बदल आरटीओ आणि विमा कंपनी दोघांच्याही डोळ्यांवर येतो.

दुकानात काय विचाराल

गाडी घेऊनच जा. तुमच्या मॉडेलला, तुमच्या वर्षाच्या गाडीला हा रॅक बसतो, असं कंपनीच्या यादीत आहे का ते बघा. थुलेसारख्या परदेशी कंपनीचा रॅक घेणार असाल तर यादीत टियागो किंवा आजची वॅगनआर सापडली नाही तर नवल नको. त्या गाड्या युरोप-अमेरिकेत विकल्याच जात नाहीत. अशा वेळी भारतीय बनावटीचा, आपल्या गाड्यांसाठी मापलेला रॅक अधिक कामाचा आणि बराच स्वस्त. ऑनलाइन मागवणार असाल तर परत घेण्याची अट वाचा आणि पहिल्याच दिवशी लावून बघा.

लावून बघताना हुकांवर रबराचं किंवा प्लास्टिकचं आवरण आहे का, बकल घसरत नाही ना, सायकल ठेवायच्या खोबणीत रबर मऊ आहे की दगडासारखं, सुटे पट्टे आणि रबर नंतर मिळतील का, हे बघा. एका सायकलला किती किलो चालतं हेही विचारा. बॅटरीची सायकल २० ते २५ किलोपर्यंत जाते. ती नेताना बॅटरी काढून गाडीत ठेवायची.

लेडीज सायकल, लहान मुलांची सायकल किंवा मागे शॉक असलेली सायकल टांगताना आडवी नळी सापडत नाही. सीटची नळी आणि हँडलचा स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) यांच्यामध्ये लावायचा सुटा आडवा दांडा मिळतो, तो घ्या. मुलांच्या सायकली मात्र मी कधीच टांगत नाही, त्या आतच बसतात.

पहिल्यांदा लावताना

डिकी आधी ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्या. फोमच्या पायाखाली राहिलेली धूळ पॉलिश पेपरसारखी रंग घासते. रॅकचे पाय पुस्तिकेत सांगितलेल्या जागीच टेकवा. आधी वरचे पट्टे, मग खालचे, शेवटी बाजूचे, आणि तिन्ही थोडे-थोडे करून आवळा. एकदम एकच ताणला तर रॅक तिरका बसतो. आवळून झाल्यावर रॅक धरून जोरात हलवा. रॅकबरोबर सगळी गाडी हलली तर बरोबर. नुसताच रॅक हलला तर परत आवळा.

जड सायकल गाडीच्या अंगाला, हलकी बाहेर. दुसरी सायकल उलट्या दिशेनं लावली की हँडल एकमेकांत अडकत नाहीत. काचेकडचं पायडल काढा किंवा फडक्यानं बांधा. मोकळं फिरणारं चाक आणि हँडल बांधून टाका. यासाठी बंजी कॉर्डपेक्षा जुन्या ट्यूबच्या पट्ट्या सरस, पंक्चरवाला फुकटात देतो. दोन सायकली जिथे एकमेकींना घासतात तिथे ठिबकची जुनी नळी चिरून चढवा. शेतकऱ्याच्या घरात ती कोपऱ्यात पडलेली असतेच. पट्ट्यांची मोकळी टोकं गुंडाळून बांधा, नाहीतर रस्ताभर फडफडून ती रंगावर चाबूक ओढतात.

नंबरप्लेट आणि मागचे दिवे दिसतात का ते दहा पावलं मागे जाऊन बघा. परदेशात लोक रॅकवर दुसरी प्लेट लावतात. आपल्या हाय सिक्युरिटी प्लेटला एकदाच बसणारं लॉक असतं, ती काढून रॅकवर लावता येत नाही. म्हणून सायकल वर-खाली करून, पुढचं चाक काढून प्लेट उघडी ठेवणं हाच इलाज. ब्रेक लाइट झाकला जात असेल तर तो रॅक तुमच्या गाडीचा नाही. रात्री परतायची शक्यता असेल तर सायकलच्या टोकांना लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा. फैजपूर-सावदा भागात केळीच्या ट्रॅक्टरमागे उभं राहायची वेळ आली की तिचा उपयोग कळतो.

रस्त्यावर

निघाल्यावर पाच-सात किलोमीटरवर थांबा आणि पट्टे तपासा. नवे पट्टे पहिल्या धक्क्यांत हमखास ढिले होतात. पुढे प्रत्येक चहाला एकदा हात लावून बघायचा. धुळे-जळगाव चौपदरीवर गाडी पळवायचा मोह होतो, पण ७०-८० च्या पुढे जाऊ नका. बाजूनं कंटेनर गेला की वाऱ्याचा फटका टपावरच्या सायकलला चांगलाच जाणवतो. गावातल्या गतिरोधकांवर अगदी सावकाश. छोट्या गाडीची मागची बाजू दबते आणि खाली टांगलेलं चाक घासतं. कन्नड घाटात उतरताना पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा.

सीएनजीवाल्यांसाठी एक सूचना. पंपावर टाकीची पाटी बघायला डिकी उघडायला सांगतात, आणि पट्ट्यांचा रॅक लावल्यावर डिकी उघडत नाही. सायकली लावायच्या आधी टाकी भरून घ्या. पाणी, हवेचा पंप, जेवणाचे डबे हे सामानही आधीच सीटवर काढून ठेवा.

शिरपूर-शहाद्याकडे चहाला थांबलात की दोन-चार जण जमणारच. "भाऊ, हाई काय शे?" असं विचारून कुणी पट्टा ओढून बघेल, एखादा पोरगा गियर खटखटवेल. हौसेनं दाखवा, पण निघताना पट्टे आणि गियर दोन्ही परत बघा. जेवायला बसायचं असेल तर गाडीची पाठ भिंतीला लावून उभी करा आणि सायकलींमधून एक जाड केबल लॉक रॅकमध्ये ओवा. पट्टा कापायला ब्लेड पुरतं, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी सायकली खाली उतरवून खोलीत किंवा ओसरीवर घ्या.

परत आल्यावर रॅक गाडीवर तसाच ठेवू नका. आपल्या उन्हात पट्ट्यांचं नायलॉन वर्षा-दोन वर्षांत कडक आणि फिकट पडतं. तसा दिसायला लागला की पट्टे बदला, रॅक नव्हे. पावसाळ्यात चिखल लागला असेल तर साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा, बकलच्या दातांतली माती जुन्या टूथब्रशनं काढा आणि घडी घालून ठेवा.